थर्मल पेस्टची नोंदवही: आगोटीपासून श्रावणापर्यंत

थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्यामधल्या बारीक फटी भरून उष्णता पुढे नेणारा लेप. टेबलावर दोन यंत्रं आहेत. एक रायझन ५ ५६०० प्रोसेसरचा डेस्कटॉप, त्यावर प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर. दुसरा जुना लॅपटॉप, ज्याच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नाही, उघडी चिप आहे. ठिकाण रत्नागिरी, समुद्र चालत दहा मिनिटांवर. खोलीत एसी नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण परीक्षणांतले आकडे बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. इथे मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असते, आणि खोलीचा प्रत्येक अंश प्रोसेसरवर जवळपास जसाच्या तसा चढतो.

मे अखेर: निवड

पाकिटावरचा वॅट प्रति मीटर-केल्विनचा, म्हणजे पेस्ट उष्णता किती चांगली वाहते त्याचा, आकडा बघून पेस्ट घ्यायची सवय आधी मोडायची. हिशेब सोपा आहे. ५६०० पूर्ण भारावर सुमारे ७६ वॅट खातो. झाकणाचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटरच्या वर असलं तरी खालची गाभ्यांची (कोरची) चिप जेमतेम ०.८ चौ.सेंमी. उष्णता झाकणात पसरते, पण सगळीकडे सारखी नाही. प्रत्यक्षात कामी येणारं क्षेत्र २.५ चौ.सेंमी. धरू आणि थराची जाडी ०.०५ मिलिमीटर. तेवढ्या थरात ४ आकड्याची पेस्ट ३.८ अंश खाते (प्रोसेसर तेवढा जास्त तापतो), ८.५ ची १.८ आणि १२.५ ची १.२. म्हणजे ४ वरून ८.५ वर गेलात तर दोन अंश मिळतात, पुढच्या उडीत जेमतेम अर्धा. उलट ८.५ ची पेस्ट दुप्पट जाड बसली तर ती ३.६ वर जाते. भारी पेस्टचे पैसे तिथेच वाया.

हवेचा आकडा ०.०२६ आहे. साधी ४ ची पेस्टही हवेपेक्षा दीडशे पट बरी. त्यामुळे पेस्ट कुठली याआधी पेस्ट सगळीकडे पोचली का हा प्रश्न, आणि त्यानंतर ती किती वर्षं तिथे टिकेल हा.

या दोन प्रश्नांवर उमेदवार असे लागले:

आर्क्टिक एमएक्स-४. दावा ८.५, वीजवाहक नाही, बऱ्यापैकी पातळ, नवख्यालाही नीट पसरवता येते. डेस्कटॉपसाठी हीच घेतली. नक्कल भरपूर विकली जाते, त्यामुळे पाकिटावरचा अस्सलपणाचा कोड तपासल्याशिवाय सिरिंज उघडू नका.

नॉक्टुआ एनटी-एच१. तोडीस तोड. कंपनी न वापरलेल्या पेस्टला ३ वर्षं आणि प्रोसेसरवर लावल्यावर ५ वर्षं सांगते. एमएक्स-४ मिळाली नसती तर ही.

थर्मल ग्रिझली क्रायोनॉट. दावा १२.५. पण कंपनीच्याच वर्णनात सुकण्याची प्रक्रिया ८० अंशांपर्यंत रोखली जाते असं म्हटलंय. ३३ अंशांच्या खोलीत छोट्या कूलरखाली प्रोसेसर ८० ओलांडणारच. ही पेस्ट थंड खोली आणि मोठा कूलर असणाऱ्यांसाठी ठेवा.

कंडक्टोनॉटसारखा द्रव धातू. दावा ७३, आणि रेथ स्टेल्थवर सक्त मनाई. या कूलरचा तळ अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि द्रव धातूतला गॅलियम अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरून त्याचा भुगा करतो. शिवाय तो वीजवाहक, थेंब बोर्डावर ओघळला की संपलं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डबीतून मिळणारं पांढरं हीटसिंक कंपाउंड ट्रान्झिस्टरसाठी चांगलं आहे. प्रोसेसरसाठी नको. (टूथपेस्टही चालते म्हणणारे भेटतात. दोन दिवस चालते. तिच्यातलं पाणी उडालं की खडू उरतो.)

मृगाच्या आधी: सफाई

आगोटीला लाकडं आणि सुकं मासळं भरतात तसं संगणकाचंही एक काम याच आठवड्यात उरकायचं, ते म्हणजे धूळ. इथली धूळ म्हणजे जांभ्याची लाल माती अधिक समुद्राचं मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे मेमध्ये जी नुसती धूळ होती ती जुलैत बोर्डावरचा खारा, वीज वाहणारा चिखल होते. कूलरच्या पात्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती अ‍ॅल्युमिनियमचा गंज. मऊ ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका.

सफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. औषधांच्या दुकानातलं ७० टक्केवालं म्हणजे ३० टक्के पाणी. आणि हे द्रव्य हवेतली ओल शोषतं, तेव्हा बाटली उघडी ठेवून काम केलं तर ९९ चं ९९ राहत नाही. लागेल तेवढं वाटीत ओता, बूच लगेच घट्ट लावा.

जूनचा पहिला आठवडा: डेस्कटॉप

कूलर काढण्यापूर्वी यंत्र दहा मिनिटं पूर्ण भारावर चालवलं. मगच बंद करून प्लग काढला. एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खोबण, प्रोसेसरला फक्त त्याच्या पिनांनी धरून ठेवतं. जुनी पेस्ट गारठून चिकट झालेली असताना कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो, आणि १३३१ पिनांपैकी दोन-चार वाकतात. गरम असताना स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा, सुटल्याचं हाताला कळलं की उचला.

कूलरचे चार स्क्रू सुटले की मागची लोखंडी पट्टी बोर्डामागे गळून पडते. तिला मागून बोट लावून ठेवायला दुसरा हात लागतो. केस आडवी ठेवली तर पट्टी पडत नाही, पण पुन्हा बसवताना बोर्डाखाली हात घालावा लागतो. दोन्हीत गैरसोय आहे, केसमध्ये बोर्डामागे मोकळी खिडकी असेल तर पहिली बरी.

जुनी पेस्ट आधी कोरड्या कापडाने, मग अल्कोहोलने पुसली. कापूस नको, धागे मागे राहतात. कॉफी फिल्टर किंवा चष्म्याचं कापड चालतं. पुसून झाल्यावर झाकणाला बोट लावायचं नाही. घामेजल्या बोटाचा ठसा म्हणजे तेल आणि मीठ.

प्रमाण: १२ चौ.सेंमी.वर ०.०५ मिमी.चा थर म्हणजे ६० घनमिलिमीटर. एमएक्स-४ ची घनता २.५, म्हणजे ०.१५ ग्रॅम. ४ ग्रॅमची सिरिंज हिशेबाने २६ वेळा पुरते, हात सैल असला तर पंधरा. डोळ्याला माप हवं तर मधोमध टपोऱ्या अख्ख्या मुगाएवढा थेंब आणि चार कोपऱ्यांकडे मोहरीएवढे चार. कोपऱ्यातले थेंब कशाला, तर ५६०० मध्ये गाभ्यांची चिप झाकणाच्या बरोबर मधोमध नसून एका कडेला आहे. मधल्या एकट्या थेंबाने ती बाजू कोरडी राहू शकते.

सिरिंजच्या तोंडाशी सुरुवातीला तेलकट थेंब आला तर तो कागदावर टाकून द्या. उन्हाळ्यात कुरियरच्या गाडीत तापलेल्या पेस्टमधून तेल वेगळं होतं.

कूलर सरळ वरून ठेवला. एकदा टेकल्यावर उचलायचा नाही, उचलला तर हवेचे बुडबुडे अडकतात. स्क्रू समोरासमोरचे, प्रत्येकी दोन-दोन फेरे, थांबेपर्यंत. एक स्क्रू आधी पूर्ण आवळला की कूलर तिरका बसतो, पेस्ट एका बाजूला जाड राहते, आणि वरच्या हिशेबातले दोन अंश तिथेच जातात.

मोजणी

एचडब्ल्यूइन्फो६४ या प्रोग्रॅममध्ये टीडाय (चिपचं तापमान) आणि पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ते वॅट), दोन्ही नोंदवायचं. भार द्यायला सिनेबेंच आर२३ ही चाचणी, दहा मिनिटं, पंख्याचा वेग बांधलेला. खोलीचा थर्मामीटर भिंतीवर नको, केस हवा ओढते त्या जाळीसमोर हवा.

नुसतं तापमान लिहिलं तर त्याचा उपयोग नाही. खोली ३१ आणि प्रोसेसर ७८ असेल तर फरक ४७, भागिले ७६ वॅट, म्हणजे ०.६२ अंश प्रति वॅट. पेस्टच्या आधी आणि नंतर तुलना या आकड्याची करायची. किनाऱ्यावर एक खोच आहे. दुपारी खारे वारे सुरू झाले की चाचणी चालू असतानाच खोली उतरते आणि पेस्टने जादू केल्याचा भास होतो. मोजणी रात्री, जेवणानंतर, खिडक्या बंद करून.

५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश. मेच्या दुपारी रेथ स्टेल्थ तिथपर्यंत पोचत असेल तर कुठलीही पेस्ट ते सोडवणार नाही, कूलर बदलावा लागेल. डीपकूल एके४०० सारखा चार हीटपाइपचा (उष्णता वाहणाऱ्या नळ्यांचा) कूलर घेतलात तर लक्षात ठेवा, त्याच्या तळाला पाइप थेट उघडे असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक खाचा असतात. आधी खाचांत थोडी पेस्ट घोटून भरा, मग वरचा थेंब.

जुलै: लॅपटॉप

इथे पेस्टचा विचारच सोडला. उघड्या चिपवर, यंत्र रोज तापत-गार होत असताना पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि चिपचा मधला भाग उघडा पडतो. हाच पंप-आउट. दोन-तीन महिन्यांत तापमान परत चढलं तर कारण बहुधा हेच. उपाय: हनीवेल पीटीएम७९५०. ही शीट ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन भेगा भरते, गार झाली की पुन्हा घट्ट, म्हणून वाहून जात नाही.

तिचं प्लास्टिक सोलण्याआधी ती थोडी गार करावी लागते, कारण इथल्या खोलीत ती आधीच लिबलिबीत असते. पण फ्रिजमधून काढून तशीच उघडली तर तिच्यावर दव धरतं. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६ च्या आसपास, फ्रिज ५ वर. म्हणून हवाबंद पिशवीत घालून दहा-पंधरा मिनिटं गार करायची, बाहेर काढल्यावर पिशवीचा बाहेरचा घाम पुसायचा, आणि पिशवी उघडल्याबरोबर सोलून लावायची. त्याच कारणाने पेस्टची सिरिंजही फ्रिजमध्ये नको. टोपण घट्ट, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात, कपाटात.

लॅपटॉप उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मेमरी चिपांवरचे उष्णता वाहणारे मऊ पॅड जपून ठेवले. फाटले तर व्हर्नियरने जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे आणा. तिथे पेस्ट भरून भागत नाही. फट १ मिमी.ची असते आणि पेस्ट ती गाठत नाही.

शीट लावल्यावर पहिल्या दिवशीचे आकडे धरू नयेत. तीन-चारदा ७० च्या वर तापवून गार होऊ द्यायचं, मग मोजायचं.

श्रावण: आत्ताची स्थिती

डेस्कटॉप रोज निदान तासभर चालू ठेवणं सुरू आहे. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा केसमध्ये ३८ वर गेली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते आणि मीठ कोरडं राहतं. वीज चार दिवस गेली आणि यंत्र बंद राहिलं, तर वीज आल्याबरोबर बटण दाबू नका. केसची बाजू उघडून आधी टेबलफॅनचा वारा द्या.

राहिलेलं: लॅपटॉपची पक्की मोजणी, तीही अंश प्रति वॅटमध्येच. डेस्कटॉपची दुसरी मोजणी ऑक्टोबरच्या उकाड्यात, त्याच वेगावर, त्याच जाळीसमोर थर्मामीटर ठेवून. तेव्हा अंश प्रति वॅटचा आकडा ०.०५ हून जास्त वाढलेला दिसला तर आधी पातीतली धूळ बघायची, मग स्क्रू, आणि पेस्टला हात सगळ्यात शेवटी.