एका कानाचा पियानो

गणपतीतल्या सातव्या दिवसाचा कार्यक्रम. सांगलीत एका मंडळासमोर रस्त्यावरच स्टेज. ताईंनी संथ गाणं उचललं, मी खाली दोन कॉर्ड धरल्या आणि पियानो यायला-जायला लागला. एक ठोका ऐकू येतोय, पुढचा गायब, परत येतोय. ताईंनी गाता गाता मागं वळून पाहिलं. ऑक्टोपॅडवाल्यानंही पाहिलं. मी पेडलकडं पाहिलं, पेडल बिचारं ठीक होतं. शेवटी साध्या ग्रँड पियानोचं बटण दाबलं आणि गाणं कसंबसं तडीला नेलं.

दिवसा मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो, संध्याकाळी आणि सुट्टीला ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, जड पट्ट्यांचा स्टेज कीबोर्ड हप्त्यानं घेऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्यात इलेक्ट्रिक पियानोचेच सत्तावीस टोन. रात्री घरचे झोपल्यावर हेडफोन लावून मी त्यातला एक निवडला होता. इतका गोड, की आवाज या कानातून त्या कानात झोका घ्यायचा.

तो झोकाच नडला. ऱ्होड्स या जुन्या इलेक्ट्रिक पियानोच्या ‘सूटकेस’ नावाच्या मॉडेलला दोन बाजूंचे स्पीकर असायचे आणि स्वर आलटून पालटून या बाजूनं त्या बाजूला जायचा. पॅनेलवर त्याला ‘व्हायब्रॅटो’ म्हटलं होतं, पण सूर तसूभरही हलत नाही, हलते ती फक्त जागा. माझ्या कीबोर्डातल्या टोनमध्ये हे जसंच्या तसं उतरवलं होतं. मी डाव्या-उजव्या अशा दोन्ही केबल दिल्या. साऊंडवाल्याला चॅनेल कमी पडत होते, म्हणून त्यानं मिक्सरला डावी तेवढी लावली. स्वर उजवीकडं गेला की मांडवाच्या लेखी तो गेलाच! चूक त्याची म्हणावी तर मीही त्याला काही सांगितलं नव्हतं.

पितृपंधरवड्यात सुपाऱ्या नसतात. कोजागिरीची एक सुपारी हातात होती, तोवर हे निस्तरायचं ठरवलं. पहिला आठवडा मी परत हेडफोन लावूनच बसलो, म्हणजे तीच चूक नव्यानं.

मग ताईंनी मिरजेला पिटाळलं. त्यांचा तंबोरा सतारमेकरांच्या गल्लीत जवारीला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवून घ्यायला, टाकला होता, तो आणायचा होता. चाचा घोडीवर कानस फिरवत होते. दोन हात मारले की तंबोरा पोराच्या हातात द्यायचे आणि स्वतः उठून गल्ली ओलांडून समोरच्या पायरीवर जाऊन बसायचे. मधून रिक्षा, मोटारसायकली. तिथून ओरडायचे, “खर्ज अजून बोलंना!” परत येऊन कानस. असं चार वेळा. मी तंबोरा घेऊन निघालो तो थेट आमच्या एका पाव्हण्यांच्या मंगल कार्यालयात गेलो. पंधरवडा असल्यानं हॉल ओसच पडला होता.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर कीबोर्ड, स्टँडवर एकच स्पीकर. भाच्याला बसवलं, त्याच त्याच चार ओळी वाजवायला लावलं आणि मी पार जेवणाच्या हॉलच्या दारात जाऊन उभा राहिलो. केबल एकच, तीही ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकात. दुसरं भोक रिकामं ठेवलं की कीबोर्ड आतल्या आत दोन्ही बाजू एकत्र करून देतो. हे त्याच्या पाठीवरच लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. झोका घेणारे टोन इथंच गळले, कारण एकत्र केल्यावर डावी-उजवी एकमेकांना फेडून टाकतात आणि नुसता सपाट आवाज उरतो. जाड कोरसवाले टोन ताईंनी काढले. “यात माझा सा कुठाय?” एवढंच म्हणाल्या. कोरस हा इफेक्ट सूर जरासा वरखाली हलवतो, गाणाऱ्याला टेकायला जागा राहत नाही.

उरलेल्यांची तीन घराणी. कीबोर्डच्या पडद्यावर कंपन्यांची मूळ नावं बहुधा नसतात, नुसतं टाइन, रीड, एफएम असं असतं. टाइन म्हणजे ऱ्होड्स. हॅरल्ड ऱ्होड्स या गृहस्थानं दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणातच वाजवता यावेत म्हणून विमानाच्या भंगारातून छोटे पियानो केले, तिथून ही गोष्ट सुरू होते. पुढच्या वाद्यात हातोडी पोलादी काडीवर आपटते आणि समोरचा पिकअप तो कंप उचलतो. काडी आणि पिकअप यांची जागा केसभर हलवली तरी स्वराचा पोत बदलतो. जवारीच की ही! रीड म्हणजे वर्लिट्झर. पेटीतला सूर, म्हणजे धातूची बारीक पट्टी, हवेनं बोलतो, इथं तशाच पोलादी पट्टीवर हातोडी पडते. एफएम म्हणजे रेडिओ नव्हे, एका लहरीनं दुसरी हलवून आवाज बनवायची पद्धत. त्यात हलणारं काहीच नाही, सगळं गणित. यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ साली आला आणि त्याचा काचेसारखा पियानो जगभरच्या हळव्या गाण्यांत जाऊन बसला. आमच्याकडं पन्नाशीतली माणसं ‘तो पियानो’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक हाच म्हणायचा असतो.

रविवारी ढोलकीवाला आणि बेस गिटारवाला आले, आणि सगळा निकाल उलटा लागला. माझा लाडका टाइन दारातून ऐकला तर नुसती ऊब. ढोलकीचा घुमार आणि बेस यांच्या पोटात शिरून बसला होता. घरी जो नाकात बोलतोय म्हणून मी नावं ठेवली होती, तो रीड मात्र ढोलकीच्या थापेतूनही शब्दासारखा स्पष्ट येत होता. मला जरा रागच आला. हप्ता मी टाइनसाठी भरत होतो.

टाइन सोडायला मन होईना. दोनशे हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं, बरंच कापलं, हजारच्या वर किंचित वाढवलं. घरी ऐकला तर आजारी वाटावा, हॉलमध्ये उभा राहिला. डावा हात जवळजवळ बंद केला, कारण खालची सगळी जागा बेसवाल्याची. ताईंची पट्टी काळी तीन, आणि पट्टीसाठी गाणं उतरवलं की माझी कॉर्डही खाली सरकून गढूळ होते. मग मी तीच कॉर्ड उलटवून वर धरतो. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, पूर्ण बंद. त्या फरशीला आणि पत्र्याला स्वतःचाच भरपूर आहे.

एक गोष्ट हॉलमध्ये कळली नाही, नवरात्रातल्या एका छोट्या कार्यक्रमात कळली. मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर वादकांकडं तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचं ऐकू आलं नाही की हात आपोआप जोरात पडतो, आणि रीडवर जोर दिला की तो खेकसतो. मॉनिटर काही माझ्या हातात नाही. त्यामुळं टचची सेटिंग एक पायरी जड केली, आता खेकसायला खरंच दणका लागतो. शेवटी तिन्ही टोन शेजारी-शेजारी सेव्ह केले आणि सगळ्यात दबक्या टोनच्या पातळीवर बाकीचे दोन आणले. आकडे बघून नव्हे, भाच्याच्या चार ओळी आणि दारातला मी. भाचा त्या ओळी अजून झोपेत वाजवतो म्हणे.

कोजागिरीला विश्रामबागेतल्या एका सोसायटीचं मैदान, एका कोपऱ्यात दुधाचं पातेलं. साऊंडवाला तोच. मी केबल पुढं केली.

“दुसरी कुठाय?”

“घरी.”

“बरं झालं, चॅनेल एकच उरलाय.”

तेच संथ गाणं आलं, हॉलमध्ये घडवलेला टाइन. ताईंनी एकदाही मागं पाहिलं नाही. ऑक्टोपॅडवाल्यानं पाहिलं, पण त्याला माझ्या दुधाचा पेला हवा होता.