जीएमसी मोटरहोमचा मालट्रक: मागची बॉडी उतरली, आता सगळा खेळ काट्यावर

मागची बॉडी उतरली एकदाची. ड्राइव्हवेत सध्या पुढे भलंमोठं काचेचं तोंड आणि मागे उघडी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, असं ध्यान उभं आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९७६ ची जीएमसी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, २६ फुटी. मागचं घर काढून तिथे माल न्यायला उघडा हौदा बसवतोय. १९७३ ते १९७८ या काळात ही इथेच, मिशिगनमधल्या पाँटिॲकला बनायची. एकूण जेमतेम तेरा हजार बनल्या. इतर कंपन्या तयार ट्रकच्या चॅसीवर घराचं खोकं चढवायच्या. जनरल मोटर्सने हिची चॅसीही मुद्दाम हिच्यासाठीच काढली. इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल टोरोनाडोचे: ४५५ घनइंची व्ही-एट, तीन गिअरचा ऑटोमॅटिक, आणि ओढतात ती पुढची चाकं. त्यामुळे मागे ना इंजिनाची ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट, ना ती चाकांत वाटणारा डिफरन्शियल, ना आडवा एक्सल. जमिनीपासून मूळ फरशी सुमारे १४ इंचांवर. मला हजार-बाराशे पौंडांचे जुने लेथ आणि दोस्तांच्या स्कूटरी हलवायच्या असतात. लेथचं सगळं वजन वरच्या अंगाला असतं. असला ऐवज चार फूट उंच हौद्यात चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. १४ इंचांचा आकडा वाचला त्याच दिवशी मी या गाडीच्या नादी लागलो.

‘अशी गाडी कापवते तरी कशी’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की धडधाकट मोटरहोम मीही कापली नसती. हिचं छत वर्षानुवर्षं गळून आतली लाकडी फरशी भुगा झाली होती. शिवाय खुद्द जीएमसी ही गाडी आतून रिकामी, ‘ट्रान्समोड’ नावाने विकत असे. घेणारे तिच्यात रुग्णवाहिका, फिरती कार्यालयं असं काय काय बसवत. म्हणजे कष्टाची कामं हिच्या खानदानात आहेतच.

कापायचं कुठे, हे दाराने ठरवलं. या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला दारच नाही. उजवीकडे, शेजारच्या सीटच्या मागे एकच दार. ते राखायचं तर केबिन दाराच्या मागच्या फासळीपर्यंत ठेवावी लागते. अंगकाठी ॲल्युमिनियमच्या फासळ्यांची, त्यावर चिकटवलेले पत्रे, खालच्या अंगाला फायबर, आणि आतून सगळीकडे फवारलेला पॉलियुरेथेन फोम. या फोमजवळ अँगल ग्राइंडर अजिबात नको. ठिणगी पडली तर तो पेटतो आणि धूर विषारी असतो. मी मागेपुढे चालणारी करवत वापरली, कापायच्या रेषेवरचा फोम आधी खरवडून काढला आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवला. बॉडी चॅसीवर रबरी माउंटांवर बसलेली असते, त्यामुळे बोल्ट सुटल्यावर ती दोन गॅंट्रींवर, म्हणजे जड वस्तू उचलायच्या चौकटींवर, आख्खी उचलता आली. गंजलेले बोल्ट कसे सुटले ते विचारू नका.

आता मुख्य मुद्दा. पुढची चाकं ओढणारी गाडी आणि माल मागे, हे ऐकलं की सगळे हाच प्रश्न विचारतात: चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरणार नाहीत का? उत्तर अंदाजाने देण्यात अर्थ नव्हता. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. त्याचे प्लॅटफॉर्म वेगवेगळे असल्याने पुढचं आणि मागचं वजन वेगळं छापून मिळतं. बॉडी काढायच्या आधी गाडी काट्यावर नेली होती: पुढे ३,९००, मागे ६,४०० पौंड. म्हणजे पुढच्या चाकांवर ३८ टक्के. बॉडी काढल्यावर, ट्रेलरवर लादून नेली आणि काट्यावर उतरवली तेव्हा, पुढे ३,८६० आणि मागे २,५४०.

चार हजार पौंडांच्या आसपास घर उतरलं आणि पुढचा आकडा फक्त चाळीसने हलला! कारण ते घर मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना तराजूसारखं तोललेलं होतं. स्वयंपाकघर आणि फ्रिज पुढच्या अंगाला, तर अगदी मागच्या कोपऱ्यात ओनानचा जनरेटर. आता लोखंड धरून हौदा ९०० पौंडांत बसवायचा आणि माल जास्तीत जास्त ३,००० पौंड. दोन्हींचा मध्य मागच्या बोगीच्या, म्हणजे मागच्या चार चाकांच्या संचाच्या, मध्यावर ठेवला, तर बेरीज परत १०,३०० आणि पुढच्या चाकांवर पुन्हा ३७-३८ टक्के, म्हणजे कंपनीने दिलं होतं तेवढंच. गाडीच्या पाटीवरची मर्यादा ११,७०० पौंड आहे, तेव्हा माणसं आणि हत्यारांनाही जागा उरते.

माल मागे सरकला की मात्र हे गणित फिरतं. २६ फुटीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकांपासून बोगीच्या मध्यापर्यंतचं अंतर, १६० इंच. तोच ३,००० पौंडांचा माल बोगीच्या मध्यापासून ३२ इंच मागे ठेवला, तर पुढच्या चाकांवरून ६०० पौंड उचलले जातात आणि वाटा ३२ टक्क्यांच्याही खाली जातो. ओल्या चढावर, त्यात इथल्या बर्फात, ती गाडी मी चालवणार नाही. उलट ३२ इंच पुढे ठेवला तर ६०० पौंड वाढतात, पण पुढची बेअरिंगं ही या गाडीची नाजूक जागा, तेव्हा तिकडेही हात आखडता. म्हणून हौद्याच्या फळीवर बोगीच्या मध्यावर लाल पट्टा ओढणार आहे. जड वस्तू त्या पट्ट्यावर, स्कूटरी पुढे-मागे. लांब हौद्याचा मोह टाळून मागचं शेपूट मी आखूडच ठेवतोय.

बोगीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण माझ्या मते ही या गाडीची सर्वांत हुशार गोष्ट आहे. प्रत्येक बाजूला दोन चाकं, एक पुढे जाणाऱ्या हातावर, दुसरं मागे जाणाऱ्या. दोन्ही हात मधल्या एकाच आधारावर झुलतात आणि त्यांच्यामध्ये एक आडवी एअर बॅग. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की बॅग दाबली जाते आणि तो दाब दुसऱ्या चाकाकडे जातो. ट्रकचे पाटे रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी करतात. इथे वजन कमी तर हवा कमी, गाडीची उंची तीच. माल चढवताना हवा सोडली की मागचा भाग आणखी खाली बसतो. कँपिंगला गाडी सपाट करण्यासाठी दिलेली ही सोय माझ्यासाठी फुकटची लिफ्ट झाली. बॅगा मात्र नव्याच घाला. जुन्या रबराखाली डोकं घालू नका.

चॅसीची परीक्षा सोपी होती. एका मागच्या टोकाखाली जॅक लावायचा, ओळंबे सोडायचे, दोरी ताणायची आणि बघायचं किती पीळ बसतो. बॉडीशिवाय पीळ वाढला, हे अपेक्षितच होतं. बोगीच्या पुढे-मागे दोन आडवे चौकोनी पाइप घालून तो बराच कमी झाला. हौदा जुन्याच रबरी माउंटांवर बसवतोय. चॅसीला नवी भोकं नाहीत. तळाला ओकच्या फळ्या टाकणार. बाजारात मिळणाऱ्या, औषध मारलेल्या लाकडात तांबं असतं आणि ते केबिनच्या ॲल्युमिनियमला खातं, म्हणून ते नको.

टायर: मूळ रिम साडेसोळा इंची, त्यांना आता धड टायर मिळत नाहीत. १६ च्या रिम घेतल्या, त्यावर एलटी २२५/७५ आर १६, सहा नग. १६ चा टायर साडेसोळाच्या रिमवर चढवायचा प्रयत्न कुणीही करू नये. हवा भरताना फुटून माणसं दगावली आहेत.

ब्रेकचं काम राहिलंय. मागची चारही चाकं ड्रमवाली, आणि रिकाम्या हौद्यावर जोरात ब्रेक मारला की ती जाम होणार. मागच्या लाइनवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आणलाय.

पुण्या-कोल्हापुरातल्या मंडळींनी हे वाचून गॅरेजवाल्याला फोन लावण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल गाडीत करता येत नाही.

पुढचं काम फाळक्याचं. तोच खाली पाडून रँप व्हावा असा विचार आहे, पण बिजागऱ्यांसकट तो शंभर पौंडांच्या वर गेला तर सगळं वजन शेपटाच्या टोकाला येतं. त्यापेक्षा ॲल्युमिनियमचे दोन सुटे रँप पुढे केबिनच्या भिंतीला टांगावेत, असं सध्या वाटतंय. पहिला माल मित्राची चेतक, २००० च्या आसपास बजाज या स्कूटरी अमेरिकेतही विकत असे तेव्हाची. तिला रँपवर ढकलायला एक माणूस पुरतो. लेथसाठी विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र, लागेल, आणि ती कुठे बसवायची यावर कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा. माझा कल केबिनच्या भिंतीपेक्षा थेट चॅसीच्या आडव्या पाइपाकडे आहे.