दुकानाच्या काचेतच दुकानदारीवर टीका कशी?

गेली सोळा वर्षे मी सांगलीतल्या कापडदुकानांच्या काचा सजवते आणि एखादा दुकानदार राजी झालाच, तर त्याच काचेत विक्रीसाठी नसलेले काहीतरी मांडते. त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: ज्याच्या काचेत तुम्ही काम करता त्याच्याच धंद्यावर बोट ठेवता, हा दुटप्पीपणा नव्हे का, आणि तो दुकानदार तरी हे का चालवून घेतो? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी माझे रोजचे काम सांगते. पुतळ्याला साडी नेसवताना पदर तंगुसाने, म्हणजे न दिसणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याने, वर ताणून धरायचा, टाचण्या मागच्या अंगाला लपवायच्या, कमरेमागचे जादा कापड चिमटून बांधून टाकायचे, म्हणजे समोरून साडी इतकी चोपून बसलेली दिसते की तशी ती कुणाच्याही अंगावर बसणार नाही. काचेबाहेरच्या बाईला साडी दिसते, पण हाताला लागत नाही, आणि मागची टाचणी तर दिसतही नाही. त्या काही क्षणांत, घरून निघताना मनातही नसलेली साडी तिला हवीशी वाटू लागते. हे हवेसे वाटणे कसे घडवतात ते मला हाताने ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्याची टाचणी लोकांना दाखवणे मी माझे काम समजते. यात मला दुटप्पीपणा दिसत नाही.

दुकानदार परवानगी देतो, कारण काचेसमोर माणूस थांबणे हाच त्याचा पहिला फायदा असतो. अडचणही तिथेच आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या दुकानाने चित्रकार साल्वादोर दालीकडून दोन काचा सजवून घेतल्या. त्यांतल्या एकीत मेंढीच्या कोकरांच्या कातड्याचे अस्तर लावलेला न्हाणीचा टब होता. लोकांनी तक्रारी केल्यावर दुकानाने त्याला न विचारता मांडणी बदलली. दाली आत शिरला, त्याने तो टब ढकलला आणि टब काच फोडून बाहेर आला. दालीला अटक झाली. ही गोष्ट बहुतेकदा विक्षिप्तपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते, पण मला त्यात दुकानाची अट स्पष्ट दिसते: गर्दी जमेपर्यंत कलावंत हवा, गिऱ्हाईक बिचकेपर्यंत नको.

याहून अवघड प्रसंग दुकान टीकेलाच आपलेसे करते तेव्हा येतो. अमेरिकी कलावंत बार्बरा क्रुगर यांनी १९८७ मध्ये ‘मी खरेदी करते, म्हणून मी आहे’ या अर्थाचे वाक्य हातात धरलेल्या फलकासारखे मांडले. पुढे लंडनच्या सेल्फ्रिजेस या भल्यामोठ्या दुकानाने त्यांच्याच शैलीतली, त्यांचीच वाक्ये आपल्या सेलच्या जाहिरातींसाठी वापरली, आणि तीही त्यांच्या संमतीने. क्रुगर यांच्याबद्दल मला आदर आहे, तरीही ते काम फसले असे माझे मत आहे. सेलच्या पाटीवर आलेले वाक्य शेवटी सेलचेच काम करते.

मला पटणारे उदाहरण ब्रिटिश कलावंत मायकेल लँडी यांचे आहे. त्यांनी आपल्या मालकीच्या सगळ्या म्हणजे ७,२२७ वस्तूंची आधी यादी केली, मग २००१ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या, बंद पडलेल्या एका कापडदुकानात त्या सरकत्या पट्ट्यावर चढवल्या आणि मदतनिसांच्या हातून दोन आठवड्यांत एकेक करून मोडून टाकल्या. त्यांत मोटार होती, पारपत्र होते, वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोट होता. खरेदीसाठी निघालेली माणसे सहज आत येत आणि पाहत उभी राहत. तिथे विकत घेण्याजोगे काहीच नव्हते. आपल्याकडे मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांनी दुकानाचे लोखंडी शटरच चित्रासाठी घेतले. त्यांच्या एका कामात शटरवर महालक्ष्मी आहे आणि शटर वर सरकवले की मागे गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात, ज्यांच्या बापाला हुंडा परवडणारा नव्हता. ज्या गावात लग्नाचा बस्ता बांधणे हा घराण्याच्या अब्रूचा विषय असतो, तिथे त्या चित्राचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागणार नाही.

माझ्या स्वतःच्या कामांपैकी एकच सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर कापडपेठेतल्या एका दुकानात मी मदतीला गेले, तर काचेतली एक साडी पुतळ्यावर तशीच होती. निऱ्यांमधून गढूळ पाणी वर चढत जाऊन छातीपाशी थांबले होते, जरतार काळवंडली होती आणि दोऱ्याला लटकलेल्या भावाच्या चिठ्ठीवरची शाई पूर्ण धुऊन गेली होती. काच न धुता ही साडी आहे तशी राहू द्या, अशी मी मालकांना विनंती केली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत; मग म्हणाले, “ताई, दसऱ्यापर्यंत ठेवा.”

पहिल्याच दिवशी तिघांनी आत येऊन साडी कितीला देणार असे विचारले, कारण पुरात भिजलेला माल त्या दिवसांत स्वस्तात निघत होता. मी खचले. मग संध्याकाळी एक बाई आल्या. त्यांनी काचेवरच्या चिखलाच्या रेघेला हात लावला, तोच हात आपल्या खांद्याशी नेला आणि सोबतच्या मुलीला म्हणाल्या, “आपल्या स्वयंपाकघरात इथवर होतं.” त्यानंतर कितीतरी माणसांना मी तसेच करताना पाहिले: आधी काचेला हात, मग कमरेला, छातीला, नाहीतर डोक्याच्या वर. भाव पुन्हा फारसा कुणी विचारला नाही.

दसऱ्याच्या आठवड्यात नवा माल आला, तेव्हा काच मीच धुतली आणि त्याच पुतळ्याला मोरपंखी रंगाची नवी साडी मीच नेसवली. भिजलेली साडी मालकांनी विकली नाही. ती माझ्याकडे आहे, त्या कोऱ्या चिठ्ठीसकट.