कोंबडीचं सॅम्पल लॅबला देताय? आधी जावक नंबर घ्या!

मोहोळजवळ आमचं ब्रॉयलरचं शेड आहे, साडेचार हजार पक्षी. एप्रिलमध्ये पक्षी २६ दिवसांचे असताना सकाळी ४० मेलेले, म्हटलं ऊन लागलं असेल, सोलापूरचं ऊन ते, फॉगर, म्हणजे गारव्याचे पाण्याचे फवारे, वाढवले. दुसऱ्या दिवशी ११०. हिरवी पातळ विष्ठा, काहींची मान पिळल्यासारखी पाठीवर गेलेली. वडील लांबूनच म्हणाले, "मानमोडी हाय रे." मी म्हटलं अण्णा, मानमोडीची लस, लासोटा, दिलाय की. सुपरवायझर म्हणे गंबोरो, म्हणजे कोंबड्यांचा दुसराच रोग. मला तर बर्ड फ्लूचीच धास्ती, २००६ ला नवापूरला त्यापायी कोंबड्या माराव्या लागल्या ते विसरलो नव्हतो.

सरकारी डॉक्टर आले, मेलेला पक्षी फाडला, जठराच्या आत रक्ताचे ठिपके दाखवले आणि म्हणाले राणीखेतच, म्हणजे मानमोडीच, वाटतंय पण लॅबशिवाय लिहून देणार नाही. घशातले आणि गुदद्वारातले स्वॅब घेऊन गुलाबी पाण्याच्या नळ्यांत घातले, पत्र दिलं. इथवर सगळं तासाभरात.

थर्माकोलचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीनं लॅबला. खिडकीवरच्या बाईंनी डबा बघितलाच नाही, पत्र बघितलं. "जावक नंबर कुठाय?" पत्रावर सही आहे, शिक्का आहे, नंबर नाही. मी म्हटलं मॅडम बर्फ वितळतोय. "नंबराशिवाय आवक करता येत नाही." डॉक्टरांना फोन, ते कुठंतरी गायीच्या बाळंतपणात. ऑफिसला फोन, जावक रजिस्टर कपाटात आणि किल्ली ज्यांच्याकडं ते जेवायला. साडेबाराला गेलेला माणूस पावणेतीनला उगवला. तोवर मी समोरच्या रसवंतीवाल्याकडनं दोनदा बर्फ विकत घेतला, तो विचारतोय "पाव्हणं, डब्यात मासे हायत का?" काय सांगणार! घरनं फोन, आणखी ६० गेले. शेवटी नंबर टाकलेल्या पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तर बाई म्हणतात प्रिंट आणा. झेरॉक्सवाल्याकडं लाइट नव्हती. चार वाजून दहा मिनिटांनी डबा आत गेला, आतल्या पोरानं दोन मिनिटांत घेतला. दोन मिनिटांत!!

हां, एक राहिलं, मेलेला पक्षी पाठवायचा असेल तर ताजा आणि बर्फावर, डीप फ्रीजरमध्ये कडक करून नको, पेशींची तपासणी होत नाही मग. आणि फॉर्मवर लस कधी दिली ती तारीख लिहाच, कारण लासोटा हा जिवंत विषाणू असतो, पीसीआरमध्ये तोही पॉझिटिव्ह दाखवू शकतो, मग रोगाचा कुठला आणि लसीचा कुठला हे वेगळं बघावं लागतं. मी ती जागा कोरी सोडली होती, त्यावरनं परत एक फोन आला. बर्ड फ्लूचा शेवटचा निकाल भोपाळच्या लॅबचा असतो, आमचं तिथवर गेलं नाही, इथंच निगेटिव्ह आलं, त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवलो.

रिपोर्ट राणीखेतचा. डॉक्टरांनी विचारलं लस कशातनं दिली? पाण्यातनं. पाणी कुठलं? टँकरचं. त्यात काही टाकलं होतं? टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, मीच टाकली होती, आदल्या संध्याकाळी, पाणी शुद्ध व्हावं म्हणून. डॉक्टर म्हणाले क्लोरीननं लस टाकीतच मेली असणार. अण्णा शेजारीच बसलेले, काही बोलले नाहीत, नुसते तंबाखू मळत राहिले.