कन्सल्टिंगची ऑफर घेताय? आधी स्टाफिंगचं विचारा

रिक्रूटिंगचा सीझन सुरू झाला की ज्युनिअर्सचे मेसेज येतात, ताई दोन ऑफर्स आहेत, कुठली घेऊ. आणि विचारणारा अमेरिकेत शिकलेला, सावळा, आडनाव वाचताना समोरचा अडखळणारच असा कुणी असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तिथे आपल्यासारखे किती आहेत? प्रश्न चुकीचा नाहीये, पण त्याचं उत्तर ऐकून फारसं काही कळत नाही. भारतीय चेहरे तर सगळीकडेच दिसतात. रजत गुप्ता १९९४ सालीच मॅकिन्झी या बड्या कन्सल्टिंग फर्मचे मॅनेजिंग डायरेक्टर झाले होते (पुढे २०१२ मध्ये इनसायडर ट्रेडिंगच्या केसमध्ये दोषी ठरले, ती वेगळीच कथा), पुनीत रंजन २०१५ ते २०२२ तशाच दुसऱ्या फर्मचे, डिलॉइट ग्लोबलचे, सीईओ होते. म्हणजे वरपर्यंत जाता येतं हे कुणी आता नव्याने सिद्ध करायला नको. पण वर कोण बसलंय यावरून तुमचं पहिलं वर्ष कसं जाईल ते ठरत नाही, ते ठरतं तुम्हाला प्रोजेक्टवर कोण घेतं यावर, म्हणजेच स्टाफिंगवर.

काही फर्म्समध्ये, किंवा एकाच फर्मच्या काही ऑफिसेसमध्ये, स्टाफिंग मॅनेजर असतो, तो बघतो कोण रिकामं आहे, कुणाला काय शिकायचंय, आणि नेमून टाकतो. दुसरीकडे उघडा बाजार असतो, तुम्हीच पार्टनर्सना (फर्मचे सगळ्यात वरचे, भागीदार लोक) पिंग करायचं, कॉफीला भेटायचं, आपलं काम आपण मिळवायचं. ऐकायला दुसरी पद्धत भारी वाटते, स्वातंत्र्य वगैरे. पण होतं काय की पार्टनरला घाईत टीम उभी करायची असते आणि तो ज्याचं नाव पटकन आठवतं त्याला फोन करतो, आणि पटकन आठवतो तो बहुतेक वेळा त्याच्याच कॉलेजचा, त्याच्यासारखेच विनोद करणारा, वीकेंडला त्याच्यासारखंच काहीतरी खेळणारा मुलगा. यात कुणी मनात द्वेष धरून ब्राऊन मुलीला नको म्हणत नाही, तुमचं नाव फक्त आठवत नाही, एवढंच. मग तुम्ही बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, युटिलायझेशन (क्लायंटच्या कामात गेलेल्या वेळाचं प्रमाण) खाली, आणि या धंद्यात दोन-तीन वर्षांत एकतर वर चढा नाहीतर बाहेर पडा असा हिशोब असल्याने सुरुवातीचे रिकामे महिने नंतर भरून काढणं फार अवघड जातं.

आणि प्रोजेक्ट मिळाला तरी त्यात काय काम मिळतं? आपल्याबद्दल एक समज आहे की ही मंडळी आकड्यांत हुशार. मी एका प्रोजेक्टवर पूर्ण वेळ एक्सेल मॉडेलच बांधत बसले होते, फर्मचं नाव सांगत नाही, आणि क्लायंटच्या सीएफओसमोर त्या मॉडेलवर बोलायला दुसऱ्याच कुणाला नेलं. माझं कौतुक भरपूर झालं. रिव्ह्यूत मात्र लिहून आलं की क्लायंटसमोरचा प्रेझेन्स वाढवायला हवा!! अरे पण समोर नेलंत कधी?

म्हणून ऑफर हातात आल्यावर, त्याआधी नाही, नीट विचारा. माझे पहिले दोन प्रोजेक्ट कोण ठरवणार, रिव्ह्यूच्या कमिटीत माझी बाजू मांडणारा माणूस माझ्यासोबत काम केलेला असेल की नुसता फाइल वाचून बोलणार. आणि तुमच्या लेव्हलच्या एखाद्या कन्सल्टंटला विचारा की मागच्या क्लायंट मीटिंगमध्ये तू स्वतः किती बोललास. तो गप्प झाला की समजून जा. रिक्रूटर ज्यांच्याशी गाठ घालून देतो ते लोक चांगले असतात, पण निवडून दिलेले असतात, त्यापेक्षा लिंक्डइनवर जाऊन तुमच्या कॉलेजातून चार-पाच वर्षांपूर्वी तिथे लागलेले ब्राऊन, ब्लॅक, लॅटिनो लोक शोधा आणि सोडून गेलेल्यांशी बोला. ब्लॅक मित्रमैत्रिणींचा अनुभव आपल्यापेक्षा वेगळा असतो हेही ऐकून घ्या, आपली खाली गर्दी असते आणि वर जाताना विरळ होते, त्यांना आत शिरतानाच एकटं असल्यासारखं वाटतं.

वेबसाइटवरच्या डायव्हर्सिटीच्या पानाला मी तरी आता काही किंमत देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १९६५ पासून चालत आलेला, सरकारी कंत्राटदारांना समान संधीचं बंधन घालणारा आदेश रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात ॲक्सेंचर या कन्सल्टिंग कंपनीने आपली डायव्हर्सिटीची उद्दिष्टं गुंडाळली. ज्यांचा सरकारी धंदा मोठा, त्यांना वाऱ्याची दिशा बघावीच लागते.

व्हिसावाल्यांसाठी थोडं वेगळं. ओपीटी (शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिने, डिग्री स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणितातली असेल तर आणखी २४, पण त्या वाढीव २४ साठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) असावी लागते, मोठ्या फर्म्सचं टेन्शन नाही, छोट्या, एखाद्याच विषयात काम करणाऱ्या बुटीक फर्मला मात्र विचाराच. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत दरवर्षी नाव टाकणार का, नाही लागलं तर टोरंटो किंवा लंडनच्या ऑफिसात ठेवतील का (तिथे वर्षभर काम केलं की एल-वनवर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, परत यायची वाट असते), आणि ग्रीन कार्डचं काम कधी सुरू करणार, पहिल्या वर्षी की मॅनेजर झाल्यावर. एच-वन-बी साधारण सहा वर्षांचा आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दर देशाला ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे केवढी लांब आहे ते माहितीच आहे, त्यामुळे पेपर कधी दाखल होतात याने बराच फरक पडतो. हे तोंडी नको, एचआरकडून ईमेलवर घ्या. अजून एक, वॉशिंग्टनच्या ऑफिसची ऑफर असेल तर तिथे फेडरल काम किती ते बघा, त्यातल्या बऱ्याच प्रोजेक्ट्सना सिटिझनशिप किंवा क्लिअरन्स (गोपनीय कामासाठीची सरकारी परवानगी) लागतो, म्हणजे तुमच्या वाट्याला उरतात मोजकेच.

पगाराचं काय? एकाच पातळीच्या फर्म्समध्ये पहिल्या वर्षीचा फरक फार नसतो. साइनिंग बोनस मोठा दिसला तर लवकर सोडल्यास परत करावा लागतो का, ती अट तेवढी वाचा.

आणि ऑफरची डेडलाइन वाढवून मागता येते, आपल्याकडची मुलं भिडेखातर मागतच नाहीत. एक-दोन आठवडे बहुतेक ठिकाणी देतात. तेवढ्यात सोडून गेलेल्यांपैकी दोघा-तिघांना फोन करून घ्या.