सहा, सात… आणि मग आठ

गेली १४ वर्षं मी अंगणवाडी सेविका आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वाडीवर, पटावर ३१ मुलं. हे मागच्या वर्षीचं आहे. मुलीचं नाव बदललंय, तिला कावेरी म्हणते. तेव्हा नुकतंच पाचवं पूर्ण झालेलं, वजन चांगलं, उंची चांगली, पोषण ट्रॅकरवर, म्हणजे आमच्या मोबाईलमधल्या सरकारी ॲपवर, दर महिन्याला तिची नोंद केली की काळजीचं काहीच नाही. हजेरीसुद्धा चोख. म्हणजे नुसत्या आकड्यांवर गेलं असतं तर या मुलीकडे परत वळून बघायचं काही कारणच नव्हतं.

पण माझ्या निरीक्षणाच्या वहीत तिच्या नावापुढे जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही महिने मी एकच गोष्ट लिहिलेली होती, "लक्ष कमी". बस, एवढंच. आणि मला ते बरोबरच वाटायचं कारण पोरगी खरंच मधेच कुठेतरी हरवायची, गोलात गाणं चाललेलं असायचं आणि हिचे हात अर्ध्यात थांबलेले. मी दोन-तीनदा रागावलेसुद्धा आहे तिला, "कावेरे, लक्ष कुठंय तुझं?" म्हणून, आणि ती माझ्याकडे असं बघायची की मी काय केलं. ते बघणं आठवलं की आजही जीव तुटतो.

सप्टेंबरात बीटची, म्हणजे एका सुपरवायझरच्या हाताखालच्या सगळ्या अंगणवाड्यांची, मीटिंग होती. आमच्या सुपरवायझर मॅडमनी सगळ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि नावं न घेता वाचायला लागल्या, "हुशार आहे", "हट्टी आहे", "शांत स्वभाव", "लक्ष कमी". मग म्हणाल्या, "बायांनो, हे सगळं तुम्हाला काय वाटलं ते झालं. मुलाने काय केलं ते कुठंय यात?" आणि प्रत्येकीला पानाच्या मधोमध उभी रेघ मारायला लावली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे वाटलं. डावीकडे वेळ टाकायची, तोंडातून आलेले शब्द जसेच्या तसे टाकायचे, आणि उजवीकडची बाजू आठवडाभर रिकामी ठेवली तरी चालेल म्हणाल्या. एकदम ३१ मुलं होत नाहीत, तर रोज फक्त दोन मुलं निवडायची, दहा-दहा मिनिटं. मला खरं सांगायचं तर तेव्हा वैताग आलेला, आधीच आहार, वजनं, लसीकरणाच्या याद्या, मोबाईलवरच्या नोंदी आणि त्यात हे. पण रेघ मारली.

कावेरीचा नंबर आला त्या दिवशी चिंचोके मोजायचा खेळ होता. मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसलेले, म्हणून सेकंदकाटा दिसत होता. वहीत असं लिहिलंय, "१०.४०. सहा, सात म्हणाली. सातवा चिंचोका बोटात तसाच. डोळे उघडे, समोर भिंतीकडे. पापण्या बारीक फडफडल्या. साधारण १० सेकंद. मग आठ म्हणाली." तोपर्यंत शेजारची पोरं बाराला पोचून ओरडायला लागलेली. तिला आजूबाजूला काय झालं याचा पत्ताच नव्हता, ती आपली सातानंतर आठ, आठानंतर नऊ.

मी ते लिहिलं आणि लिहिता लिहिताच हात थांबला माझा. ज्याचं लक्ष नसतं त्याची मोजणी चुकते हो. तो पुन्हा एकपासून सुरू करतो नाहीतर कुठल्यातरी आकड्यावर उडी मारतो. हिने जिथे सोडलं तिथूनच उचललं, जसं मधले दहा सेकंद कुणी कापूनच नेले.

त्या दिवसापासून दोन मुलांचा नियम तिच्यापुरता मोडला, तिला मी रोज बघायला लागले. पहिल्या दिवशी ३ वेळा झालं, दुसऱ्या दिवशी ५, आणि आमच्या मदतनीस सुमनताईंना सांगून ठेवलं तेव्हा तर ११ झाले, कारण आहार वाढताना माझं लक्ष नसतं तेव्हा त्यांनी बघितलं. त्यांनीच सांगितलं की पिंपातून पाणी घेताना पेला भरून वाहायला लागला, पायावर पाणी पडतंय, पोरगी नळ धरून उभी, आणि मग एकदम भानावर येऊन नळ बंद केला आणि ओल्या पायांकडे बघत बसली. मी ते त्यांच्याच शब्दात लिहिलं. एकदा गाण्यात थांबली तेव्हा नावाने हाक मारली, नाही. खांद्याला हात लावून हलवलं, तरी नाही. आपल्याच विचारात असलेलं मूल हात लावला की दचकून तरी बघतं. आणि कंटाळा आला की व्हावं तर तसंही नव्हतं, बोलता बोलता, खाता खाता, अगदी आवडीच्या खेळात पण.

एक नोंद अशी होती की ती मी का लिहिली ते मलाही सांगता आलं नसतं. एक दिवस साबणाचे फुगे केले होते, पपईच्या देठाची नळी, वाटीत साबणाचं पाणी. मुलं वेडी होतात त्यात. "११.१५. फुगे. जोरजोरात फुंकत होती. नळी ओठाजवळ तशीच राहिली. ओठ हलले. १२-१३ सेकंद. नंतर परत फुंकायला लागली. पुन्हा थोड्या वेळाने तसंच." एवढंच. रेघेच्या उजवीकडे काही नाही.

मग कावेरीच्या घरी गेले. अंगणवाडी या कामाची मुळं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांच्या कामात आहेत, १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्या पोरांच्या अंगणातच शाळा घेऊन जायच्या, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, आणि मला ते फार पटतं, मूल त्याच्या अंगणात बघितल्याशिवाय कळत नाही. तर कावेरीच्या अंगणात तिची आजी कांदे निवडत बसलेली. मी विचारलं तर आजी अगदी सहज म्हणाली, "तंद्री लागती तिची. तिच्या बापाचीबी लागायची." आणि परत कांदे निवडायला लागली. मी हे पण लिहून घेतलं.

आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, मुलांची तपासणी करायला, ही योजना २०१३ साली आपल्या पालघरलाच सुरू झालेली. नोव्हेंबरात टीम आली. आणि नेमकं त्या दिवशी डॉक्टरांसमोर कावेरी एकदम छान. नाव सांगितलं, रंग ओळखले, एका पायावर उभी राहिली. मला वाटलं आता हे म्हणतील ताई तुम्ही उगाच काळजी करताय. मी काही बोललेच नाही, नुसती वही पुढे केली. डॉक्टर मॅडम उभ्यानेच वाचायला लागल्या आणि दुसऱ्या पानावर खुर्ची ओढून बसल्या. मग संदर्भ चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "जाताना ही वही न्यायला विसरू नका."

चिठ्ठीवर जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान मुलांच्या डॉक्टरांचं नाव होतं. तिकडे आम्ही एसटीने गेलो, कावेरी, तिचे आईवडील आणि मी. वडील येतच नव्हते, दिवसाची मजुरी बुडते, आणि पोरगी धडधाकट दिसतेय तर कशाला. आईच्या हट्टाने आले.

तिथे डॉक्टरांनी वही घेतली आणि शांतपणे सगळी वाचली, मी इतकी वर्षं नोंदी करतेय पण माझं लिहिलेलं कुणी असं वाचताना पहिल्यांदा बघत होते. फुग्यांच्या नोंदीवर बोट ठेवून ते थांबले. "हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं मी. त्यांनी पॅडवरच्या कागदाची बारीक पट्टी फाडली, कावेरीच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाले, "बाळा, ही पट्टी उडव बघू. थांबायचं नाही हं, मी सांगेपर्यंत फुंकत राहायचं." कावेरीला मजा वाटली. फू, फू, पट्टी उडतेय. एक मिनिट झालं. आई हसतेय. दीड मिनिट झालं असेल. आणि पट्टी थांबली. डोळे उघडे, पापण्या फडफडतायत, ओठ किंचित हलतायत. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "कावेरी, आंबा." काही नाही. आईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलेलं आणि हात पदराला घट्ट धरलेला. मी मनात मोजत होते, १४ पर्यंत पोचले. मग कावेरीने परत फू केलं, पट्टी उडाली.

डॉक्टरांनी विचारलं, "आत्ता मी काय म्हणालो?" ती म्हणाली, "फुंकायचं."

त्यांनी समजावून सांगितलं की हा फिट्सचाच एक प्रकार आहे, यात मूल पडत नाही, हातपाय झटकत नाही, फेस येत नाही, म्हणून घरच्यांना आणि शाळेला वर्षानुवर्षं कळत नाही, सगळे म्हणतात लक्ष देत नाही. जोरजोरात श्वास घेतला किंवा फुंकलं की तो बऱ्याचदा समोर येतो, म्हणून ती पट्टी. औषध आहे, आणि बऱ्याच मुलांचं मोठं होता होता थांबतंही. मग विचारलं, घरात कुणाला असं होतं का?

मी आजीचं बोलणं वहीत दाखवणार तेवढ्यात वडीलच बोलले. खाली बघूनच बोलत होते. "मला व्हायचं. तिसरीत होतो. गुरुजी खडू फेकून मारायचे, म्हणायचे झोपतोस का. मला कळायचंच नाही का मारतायत." थोडं थांबून म्हणाले, "चौथीनंतर सोडून दिली शाळा." कावेरीची आई नवऱ्याकडे बघतच राहिली, तिलाही हे माहीत नव्हतं. त्या खोलीत जरा वेळ कुणीच काही बोललं नाही.

ईईजीसाठी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूची तपासणी करतात त्यासाठी, परत एकदा जावं लागलं. डोकं धुवून आणा, तेल लावू नका असं सांगितलेलं, आणि आजीने परगावी जायचं म्हणून पहाटे चप्प तेल चोपडून वेणी घातलेली, मग सुमनताईंकडे थांबून आधी केस धुतले आणि पुढची एसटी धरली. रिपोर्टमध्ये तेच निघालं.

औषध सुरू झाल्यावर डॉक्टरांनी मला एकच काम दिलं, लिहीत राहा, डोस ठरवायला मला तेच लागणार. तर मी लिहीत राहिले. सुरू करण्याआधीच्या आठवड्यात दिवसाला ९, ११, ८. मग ६. मग ४. जानेवारीच्या मधे एक दिवस पूर्ण गेला आणि डाव्या बाजूला लिहायला काही नव्हतं, तर मी लिहिलं, "१०.३०. चिंचोके. एक ते वीस. थांबली नाही." सुमनताईंना दाखवलं, त्यांनी डोळे पुसले आणि खिचडीचं पातेलं उतरवायला गेल्या.

जूनमध्ये ती पहिलीत गेली. सगळ्या नोंदींची झेरॉक्स तिच्या शाळेतल्या बाईंना दिली, पानावरची रेघ का आहे तेही सांगितलं.

त्यानंतर एका रविवारी मी कपाटातल्या जुन्या वह्या काढून बसले. मागच्या १४ वर्षांतल्या जेवढ्या सापडल्या तेवढ्या. "लक्ष कमी" असं चार मुलांपुढे लिहिलेलं सापडलं. वेळ नाही, काय केलं ते नाही, नुसतं तेवढंच. त्यातली दोन कुटुंबं ऊसतोडीला म्हणून गेली ती वाडीवर परत आली नाहीत. एक मुलगी नववीत आहे, चांगली शिकतेय. चौथा आता सहावीत आहे, परवा बाजारात त्याची आई भेटली तर म्हणाली, पोरगं काही अभ्यासात लक्ष देत नाही हो ताई. मी तिला म्हटलं, संध्याकाळी येते घरी, अंगणात बसू जरा वेळ.