टोक रंधायची फळी आपल्या रंध्याला जुळवताना

फ्रेम, ड्रॉवर, चौकटीची पट्टी, काहीही असो. करवतीने कापलेलं टोक गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आणायला शूटिंग बोर्ड, म्हणजे टोक रंधायची फळी, लागते. रंधा कुशीवर झोपवायचा, लाकूड आडव्या ठोकळ्याला टेकवायचं आणि टोकावरून रंधा सरकवायचा. पण कुणाच्या तरी चित्रावरून मापं उचलली की फळी होते, टोक मात्र वाकडंच राहतं.

आधी आपला रंधा मोजा. ५ नंबरच्या लोखंडी रंध्याचं पातं साधारण ५० मिमी, तळ ६४ मिमीच्या आसपास. म्हणजे झोपवल्यावर खालचा ६-७ मिमी भाग कापतच नाही. म्हणून बुडावर बसणारी, लाकूड जिच्यावर ठेवायचं ती वरची फळी १२ मिमीची घ्या. सहाची टाकली तर लाकडाच्या खालच्या कडेला न रंधलेली बारीक धार उरते आणि दोष विनाकारण पात्याला दिला जातो.

बूड १८ मिमी प्लायचं, ६०० बाय ३०० मिमी. वरची फळी ६०० बाय २२०. उरलेले ८० मिमी रंध्याची वाट. बुडाला सलग लाकूड नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, जुलैत तीच फळी ओल धरते आणि वाटीसारखी होते. ठोकळ्याला मात्र जुन्या दारा-चौकटीचा सुकलेला सागवान उत्तम. ओली बाभूळ कितीही कणखर असली तरी पिळते.

ठोकळ्याला फेविकॉल लावू नका. वाटेच्या बाजूचा स्क्रू घट्ट, दुसऱ्या टोकाला ८ नंबरच्या स्क्रूसाठी ७ मिमीचं भोक आणि वायसर. तेवढ्या ढिलाईत कोन जुळतो. तपासायला सरळ, समांतर कडांचे दोन तुकडे रंधा, एक उलटा करा, रंधलेली टोकं भिडवा आणि कडेला सरळ पट्टी लावा. दिसेल ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. २०० मिमी लांबीच्या ठोकळ्यावर एक झेरॉक्सचा कागद म्हणजे जवळपास ०.१ मिमी, बारीक फरक ठोकळा आणि लाकूड यांच्यामध्ये एका टोकाला तो घालूनच काढा. ठोकळ्याचं टोक वरच्या फळीच्या कडेशी अगदी सपाट हवं, नाहीतर लाकडाची मागची कड तुटते.

वरच्या फळीची वाटेकडची खालची कड २ मिमी तिरपी घासा, भुसा तिथे जातो. तो साचला की रंधा वर उचलला जातो, कोन बिघडतो. वाटेवर मेणबत्ती चोळा.

डावखुऱ्याने सगळं आरशातल्यासारखं उलटं करावं. जमिनीवर बसून काम करणाऱ्याला टेबलाच्या कडेला अडकणारी बुडाखालची पुढची आडवी पट्टी अडचणीची. ती स्क्रूने बसवा, काढता येईल अशी. मग फळीचं पलीकडचं टोक भिंतीला टेकवलं की झालं. टेबलावर काम असेल तेव्हा पट्टी परत लावा.

बाभळीचं टोक रंधताना किंचित पाणी लावा. तरीही भुगाच पडत असेल तर पातं घासायची वेळ झाली.